राळीचं काळं बोळकं

ओढ्याच्या काठी कुंभाराचं घर. घरामागे मातीचा ढीग. ढिगाखाली एक बीळ. बिळात राहायची एक उंदरी. एवढीशी. राळ्याचा दाणा पाहिलाय? बारीक, पिवळा, चिमटीत धरला तरी निसटून जातो. तेवढीशी. म्हणून तिचं नाव राळी.

राळीला आई होती. आई आजारी पडली. मग आई गेली.

गेली म्हणजे कुठे गेली? ते राळीला कुणी सांगितलं नाही. गेली म्हणजे गेली. बीळ तेवढंच होतं, पण आता फार मोठं वाटायला लागलं.

आईचं एक बोळकं होतं. बोळकं म्हणजे इवलंसं मडकं. काळं काळं, चकचकीत, जांभळासारखं. ते बिळाच्या दाराशी असायचं. आईला डोळ्यांनी कमी दिसायचं. पण काळं बोळकं तिला बरोबर दिसायचं. तांबड्या मातीत काळा ठिपका. ती चाचपत चाचपत यायची आणि पाणी प्यायची.

आई गेल्यावर राळी त्या बोळक्याला बिलगून निजायची. एकदा झोपेत तिने कूस बदलली. बोळकं कलंडलं. गडगड, गडगड, गडगड. फट्.

फुटलं.

दिवस उन्हाळ्याचे. ओढा आटलेला. आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, सण जवळ आलेला. आखाजीला घरोघरी पाण्याची घागर भरून ठेवतात. आपली गेलेली माणसं त्या दिवशी दाराशी येतात. पाणी पितात. गार होतात आणि जातात. दाराशी पाणी नसलं, तर तशीच जातात. तहानलेली.

कुंभाराच्या घरात बायका हे बोलत होत्या. राळीने ऐकलं. आई येईल. काळं बोळकं शोधेल. इकडे चाचपेल, तिकडे चाचपेल. आणि तहानलेलीच परत जाईल.

राळी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

कुंभाराचं नाव झिपरूबाबा. मिशा पांढऱ्या, हात मातीचे. राळीने त्याला सगळं सांगितलं. बाबाने ऐकून घेतलं. चाकाखाली मातीचा एक गोळा पडला होता. तो त्याने उचलला, करंगळीच्या टोकावर फिरवला, आणि एक बोळकं केलं. वाळायला ठेवलं.

बोळकं वाळलं. मग बाबाने आवा रचला. आवा म्हणजे मडकी भाजायची जागा. उघड्यावर, अंगणात. खाली गोवऱ्या. गोवऱ्यांवर मडकी. मडक्यांवर पालापाचोळा. राळीचं बोळकं कडेला ठेवलं. जाळ झाला. धडधड, धडधड. जाळ बसत आला तसं बाबाने सगळ्यावर ओलं शेण लिंपलं. इकडून लिंपलं, तिकडून लिंपलं. कुठे फट ठेवली नाही.

बाबा म्हणाला, "आता आत धूर कोंडलाय. मडकी धूर पितात आणि काळी होतात. आवा निवेपर्यंत उघडायचं नाही. धूर बाहेर गेला की काळेपण गेलं."

राळी बसली. थोडा वेळ बसली. आणखी थोडा वेळ बसली. झालं असेल का काळं? बघावं का? थोडंसंच?

तिने आपल्या बोळक्यावरचं शेण नखाने उकरलं. इवलंसं भोक पडलं. भस्स. त्या भोकातून तिथला धूर निघून गेला.

आवा निवला. बाबाने उघडला. घागर काळी. माठ काळा. पणत्या काळ्या. कडेला राळीचं बोळकं होतं, ते तांबडं. मातीसारखं तांबडं. मातीवर ठेवलं तर राळीलासुद्धा नीट दिसेना. मग आईला कसं दिसावं?

राळीची मान खाली. बाबा रागावला नाही. तो म्हणाला की बोळकं पुन्हा धुरात घालता येईल. पण होतं नव्हतं ते ओलं शेण सरलं. आवा झाकायचा कशाने?

"एक पो शेण आण," बाबा म्हणाला. "ओलं हवं हं. मग मी धूर कोंडतो."

राळी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. म्हशीकडे गेली.

म्हैस गोठ्यात बसली होती. कडबा चावत होती. कर्रम, कर्रम. तिने एक डोळा उघडला.

"राळे, राळे, तोंड का सुकलं?"

राळी म्हणाली,

"काय सांगू मावशी,
बाबा धूर कोंडेना,
बोळकं काळं होईना,
आई पाणी पिईना.
एक पो शेण दे ना."

म्हशीने शेपूट आपटलं. ती म्हणाली, "अगं, मी खाते वाळका कडबा. शेण पडतं तेही वाळकं. हिरवं खाईन तर ओलं देईन. हिरवी हरळी आण. मग मी शेण देते."

राळी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. हरळीकडे गेली.

हरळी बांधावर असते. पण बांधावर हिरवं काहीच नव्हतं. नुसत्या पिवळ्या काड्या. राळी त्या काड्यांपाशी बसली. तिला वाटलं, हरळीसुद्धा गेली. तेवढ्यात मातीखालून बारीक आवाज आला.

"राळे, राळे, तोंड का सुकलं?"

राळी म्हणाली,

"काय सांगू ताई,
म्हैस शेण देईना,
बाबा धूर कोंडेना,
बोळकं काळं होईना,
आई पाणी पिईना.
एक पेंढी हिरवी हो ना."

हरळी कुजबुजली, "मी गेले नाही गं. खाली मुळांत आहे. वर यायला मला पाणी लागतं. पाणी आण. मग मी फुटते."

राळी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. विहिरीकडे गेली.

विहीर बांधाच्या पलीकडे. जुनी. काठावर जुना रहाट, त्याखाली एक बादली उपडी पडलेली. फार दिवसांत तिच्याकडे कुणी फिरकलंच नव्हतं. राळीने काठावरून आत डोकावलं. आत अंधार. अंधाराच्या तळाशी पाण्याचा एक तुकडा, चांदीसारखा.

खालून आवाज आला. घुमत घुमत आला.

"राळे, राळे, तोंड का सुकलं... सुकलं... सुकलं..."

राळी म्हणाली,

"काय सांगू आत्या,
हरळी काही फुटेना,
म्हैस शेण देईना,
बाबा धूर कोंडेना,
बोळकं काळं होईना,
आई पाणी पिईना.
एक बादली पाणी दे ना."

विहीर म्हणाली, "पाणी आहे गं माझ्यापाशी. कुणी घेतच नाही. मला काही वर चढून येता येत नाही. बादली ओढणारं कुणी आण. मग मी पाणी देते... देते... देते..."

राळी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गाढवाकडे गेली.

गाढव झिपरूबाबाचं. त्याचं नाव भिक्या. दिवसभर माती वाहून दमलं होतं. बाभळीखाली तीन पायांवर उभं होतं. चौथा पाय विसावा घेत होता. गाढवाने एक कान इकडे केला, एक कान तिकडे केला.

"राळे, राळे, तोंड का सुकलं?"

राळी म्हणाली,

"काय सांगू मामा,
विहीर पाणी देईना,
हरळी काही फुटेना,
म्हैस शेण देईना,
बाबा धूर कोंडेना,
बोळकं काळं होईना,
आई पाणी पिईना.
एक बादली ओढ ना."

गाढव म्हणालं, "ओढीन की. ओढण्यातच माझा जन्म गेला. पण ओढू कशाने? विहिरीचा दोर तुटला, तो तुटलाच. आता काय बादलीला माझी शेपटी बांधतेस?"

राळीने त्याच्या शेपटीकडे पाहिलं. शेपटी आखूड होती. विहीर खोल होती. गाढवानेही मागे वळून पाहिलं. मग ते जरा मऊ आवाजात म्हणालं, "दोर आण. मग मी ओढतो."

राळी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आता तिचे पाय दुखत होते. ऊन उतरायला लागलं होतं. ती भागाआजीकडे गेली.

भागाआजी दोर वळायची. सगळ्या गावाला तिचे दोर. तिच्या ओसरीवर अंबाडीचा वाख पडला होता. वाख म्हणजे अंबाडीचे धागे, लांब लांब, आजीच्या केसांसारखे पांढरे. धागे होते, पण दोर एकही नव्हता. आजी मांडीवर हात ठेवून बसली होती.

"राळे, राळे, तोंड का सुकलं?"

राळी म्हणाली,

"काय सांगू आजी,
गाढव बादली ओढेना,
विहीर पाणी देईना,
हरळी काही फुटेना,
म्हैस शेण देईना,
बाबा धूर कोंडेना,
बोळकं काळं होईना,
आई पाणी पिईना.
एक दोर वळ ना."

आजीने वाखाची एक बट उचलली आणि खाली ठेवली. मग सावकाश तिने सांगितलं. दोर एकट्याने वळत नाही. दोर वळायला दोघं लागतात. एकाने टोक धरायचं, घट्ट. दुसऱ्याने पीळ द्यायचा. आजीचा म्हातारा टोक धरायचा आणि आजी पीळ द्यायची. म्हातारा तिकडून गाणं म्हणायचा, आजी इकडून हसायची. थंडीत म्हातारा गेला. आता टोक धरायला कुणी नाही.

"टोक धरणारं कुणी आण," आजी म्हणाली. "मग मी दोर वळते."

आता कुठे जायचं? पुढे घर नव्हतं. पुढे नुसतं माळरान होतं. राळी ओसरीच्या पायरीवर बसली. कुणाला सांगावं ते कळेना, म्हणून पायरीलाच सांगत बसली.

"आजी दोर वळेना,
गाढव बादली ओढेना,
विहीर पाणी देईना,
हरळी काही फुटेना,
म्हैस शेण देईना,
बाबा धूर कोंडेना,
बोळकं काळं होईना,
आई पाणी पिईना."

आजीने ऐकलं. तिने पदराने डोळे पुसले. राळीनेही पायाने डोळे पुसले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

राळी म्हणाली, "आजी, मी धरू?"

आजीने तिला वरून खाली पाहिलं. वरून खाली पाहायला फारसं काही नव्हतंच. "तू गं कशी धरशील, पोरी? पीळ चढला की माणूससुद्धा ओढला जातो."

"दातांनी धरीन," राळी म्हणाली.

ओसरीच्या खांबाला एक खाच होती. राळीने खाचेत मागचे पाय रोवले. वाखाचं टोक दातांत धरलं. आजी मागे मागे सरकली आणि तिने पीळ द्यायला सुरुवात केली. वळ, वळ, वळ. पीळ धाग्यातून पळत पळत आला. राळीची मान वळली. मिशा वळल्या. शेपटी गरगर फिरली. राळीने सोडलं नाही.

"सुटलं तर सगळा पीळ उलटेल हं," आजी तिकडून म्हणाली.

राळीला बोलता येत नव्हतं. तोंडात दोर होता. जबडा दुखत होता. तिला आठवलं. ती अगदी लहान होती, डोळेही उघडले नव्हते, तेव्हा आई तिला अशीच दातांत धरून न्यायची. या बिळातून त्या बिळात. पावसातून, काट्यांतून. आईचाही जबडा दुखला असेल. आईने कधी सोडलं नाही.

राळीनेही सोडलं नाही.

वळ, वळ, वळ. एक बट झाली. वळ, वळ, वळ. दुसरी बट झाली. दोन्ही बटा एकमेकींत गुंफल्या. आजी तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती. म्हाताऱ्याचं गाणं असेल. राळीने विचारलं नाही. तोंडात दोर होता ना.

दोर झाला. लांब झाला. विहिरीच्या तळाला पुरेल एवढा झाला.

आजी म्हणाली की गाठ मारायला मीच येते. तिने काठी घेतली. दोर खांद्यावर घेतला. दोरावर राळी बसली.

आजीने दोर आणला. एक टोक बादलीला बांधलं, एक टोक गाढवाच्या गळपट्ट्याला बांधलं. गाढवाने चौथा पाय खाली टेकवला आणि ओढलं. रहाट बोलला. कर्र, कर्र, कर्र. विहिरीने पाणी दिलं. गार पाणी. बादली काठावर आली आणि विहीर खालून म्हणाली, "आणखी घ्या... घ्या... घ्या..."

आजीने बादली बांधावर ओतली. खळ्ळ. माती पाणी प्यायली. चुळुक, चुळुक. गाढवाने आणखी ओढलं. आजीने आणखी ओतलं. उन्हं गेली तरी ओतत होती. सकाळी येऊन पाहतात तर काय, पिवळ्या काड्यांतून हिरवी टोकं. हरळी फुटली. मऊ मऊ, बाळाच्या केसांसारखी. दोन दिवसांत पेंढीभर झाली.

पेंढी म्हशीला दिली. म्हशीने डोळे मिटून खाल्ली. कर्रम, कर्रम. रवंथ केला. जरा इकडे वळली, जरा तिकडे वळली. सगळे तिच्या मागे उभे. आजी उभी, गाढव उभं, राळी उभी. म्हशीने मागे वळून पाहिलं. ती म्हणाली, "असं टक लावून पाहिल्यावर मला कसं होईल?" मग सगळ्यांनी तोंडं फिरवली.

थप्प.

हिरवं शेण. ओलं शेण. भला मोठा पो. आजीने तो पाटीत घेतला, पाटी गाढवाच्या पाठीवर ठेवली, आणि सगळे झिपरूबाबाकडे निघाले.

आखाजी आता उद्यावर आली होती.

बाबाने एवढासा आवा रचला. खाली दोनच गोवऱ्या. मध्ये तांबडं बोळकं. वर पालापाचोळा. जाळ झाला. जाळ बसत आला तसं बाबाने ओलं शेण लिंपलं. इकडून लिंपलं, तिकडून लिंपलं. धूर आत कोंडला.

राळी आव्यापाशी बसली. थोडा वेळ बसली. आणखी थोडा वेळ बसली. तिची नखं शिवशिवली. तिने पाय पोटाखाली घेतले आणि त्यांच्यावरच बसून राहिली. शेण सुकलं. शेणाला भेगा पडल्या. ऊब गेली. तरी ती बसून राहिली. बाबानेच मग तिला हाक मारली.

बाबाने शेणाचं खापर उचललं. राख फुंकली. फू.

बोळकं काळं झालं होतं. काळं काळं. जांभळासारखं.

बाबाने ते धोतराच्या सोग्याने पुसलं आणि राळीपुढे ठेवलं. राळीने त्यात तोंड घालून पाहिलं. आत धुराचा वास होता. आईच्या बोळक्यालाही असाच वास होता.

आखाजीची सकाळ झाली. घरोघरी घागरी भरल्या. भागाआजीनेही घागर भरली. नव्या दोराने काढलेलं पाणी, म्हाताऱ्यासाठी. त्याच पाण्यातलं थोडंसं तिने राळीच्या बोळक्यात ओतलं. टपक, टपक. बोळकं भरलं. काठोकाठ भरलं.

राळीने ते बिळाच्या दाराशी ठेवलं. तांबड्या मातीत काळा ठिपका. लांबून दिसावा असा.

मग ती आत जाऊन बसली.

ऊन वर आलं. पानांत वारा आला. बाहेर काहीतरी सळसळलं. राळीचे कान उभे राहिले. सळसळ थांबली. ऊन माथ्यावर आलं. ऊन कललं. राळी बसूनच होती. कुणाची सावली दाराशी दिसली नाही. कुणी हाक मारली नाही. आतल्या अंधारात तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. राळी बाहेर आली. तिने बोळक्यात वाकून पाहिलं.

सकाळी पाणी काठाला होतं. आता ते काठाखाली गेलं होतं. थोडंसंच. एका उंदराच्या घोटांएवढं.

राळी बोळक्याशी बसून राहिली.

"आई," ती म्हणाली, "मला हाक मारायची होतीस."

आणि ती रडली. पुष्कळ रडली. घरामागे झिपरूबाबा माती तुडवत होता. त्याला ऐकू आलं. तो पाय थांबवून उभा राहिला, पण जवळ गेला नाही. रडू दिलं.

रडून रडून राळीचा घसा कोरडा पडला. तिला तहान लागली. तिने बोळक्याच्या काठाला दोन्ही पाय टेकवले. पाणी गार होतं. त्याला धुराचा वास होता. आईने पिऊन उरलेलं पाणी होतं ते. आईचं उष्टं.

राळी ते प्यायली. घोट घोट, सगळं प्यायली.

गोष्ट होती एवढीशी. बोळक्यात मावली तेवढीशी.